तास

शहराचं नाव हल. खाडी हंबर, गढूळ.
सकाळी साडेआठला एनिड रडस्टन
मखमलीचा तुकडा बोटाला गुंडाळते
आणि काचेवर ओढते. एकाच दिशेने, वीस वेळा.
परत येताना हात उचलायचा,
उलटं घासायचं नाही.

काचेवर पॉलिमरचा लेप, साबणाच्या फुग्याहून पातळ.
त्यावर जे उमटतं ते डोळ्याला दिसत नाही.
मराठीत त्याला तास म्हणता येईल,
नांगरामागे उरतो तो.
घड्याळातलाही तासच,
आणि नांगर जहाजालाही असतो,
आणि हल म्हणजे पुन्हा नांगर.
पण हे तिला कोण सांगणार.
हेस्ल रोडवर वाढलेल्या बाईला
एकच नांगर ठाऊक, लोखंडाचा,
गोदीच्या चिखलात गंजणारा.

दोन काचा समोरासमोर, मध्ये केस मावणार नाही एवढी फट.
थेंब कडेला टेकवला की आपणच आत चालत जातो.
खोली गार असेल तर गोठतो,
ताप आलेल्या मुठीत नितळ पाणी होतो,
मधल्या दहा-अकरा अंशांत मात्र दुधट,
वाहता, आणि तरी शिस्तीत:
रेणू एकाच दिशेला अंग लांबवून,
काचेने शिकवली त्या.

मग ती चुंबक चालू करते.
मधले रेणू लगेच ऐकतात.
काचेलगतचे नाही.
पकड अगदी पक्की असती तर
वळायला अमुक इतकं बळ लागलं असतं, असं गणित म्हणतं.
त्याच्या थोडं आधीच अंधारात
एक राखाडी कड उजळते.
गणित आणि ती कड, यांतला फरक
म्हणजे नांगराचा जोर.
डॉक्टर ऑर्मरॉड तो लांबीत सांगतात:
भिंत जणू आहे तिथे नाहीच,
जरा मागे आहे, मायक्रॉनभर,
आणि रेणू त्या नसलेल्या भिंतीला धरून आहेत.

हे एनिडला समजावून सांगावं लागलं नाही.
घरी वडील अजून पहाटे तीनला उठतात.
ट्रॉलर भंगारात जाऊन दोन वर्षं झाली.
आता ते कॅरव्हॅनच्या कारखान्यात
खिडक्यांना रबर बसवतात,
आणि स्वयंपाकघराच्या न हलणाऱ्या फरशीवर
पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून
चहा ओततात.
आई मंगळवारी कपडे धूत नाही.
मंगळवारी बोट सुटायची,
त्या दिवशी धुतलं तर माणूसच धुऊन जातो.
प्रयोगशाळेत मंगळवारीही काचा धुवाव्या लागतात.
एनिड धुते. नळाशी आधी
क्षणभर थांबते. ते कुठल्याच वहीत येत नाही.

जूनमध्ये एकदा वडील आले, कोट घालून.
सूक्ष्मदर्शकाला एक डोळा लावला, दुसरा मिटला नाही,
दुर्बिणीची सवय.
"कोण धरतंय याला?"
"काच. आम्ही नांगरच म्हणतो."
"नांगराने बोट धरत नाही, पोरी.
नांगर नुसता रुततो. धरते ती साखळी,
तळावर आडवी पडलेली.
जितकी आडवी तितकी पक्की.
उभी ताणली की संपलं."

तिने आकडा वाढवला, त्यांना दिसावं म्हणून.
"हं. वळली."
बऱ्याच वेळाने: "परत येते?"
"बंद केलं की येते. बहुतेक सगळी."
"बहुतेक," ते म्हणाले, आणि टोपी घातली.

त्या संध्याकाळी सातव्या काचेचा आकडा
सगळ्यांत कमी आला. टाकून देण्यासारखा.
तिने तो शाईने लिहिला,
शेजारी घासण्याच्या दिशेचा बाण काढला,
आणि वही मिटण्याआधी पाहिलं:
टेबल जसं मांडलं होतं त्यात
तो खाडीकडे होता.